काचपंखी फुलपाखरू बघायचंय? मग आधी रातराणीची पानं नीट बघून ठेवा

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फोटो येतो, तपकिरी काठ आणि मधे नुसती काच असलेलं फुलपाखरू, पलीकडचं फूल आरपार दिसतंय, आणि खाली मामेबहीण विचारते "ताई हे आंबोलीला दिसतं का गं?" नाही दिसत. ते ग्रेटा ओटो, इंग्रजीत ग्लासविंग, आणि त्याचं घर मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा वरचा भाग. आपल्या सह्याद्रीत ते नाही, कधी नव्हतं. पण जाऊन बघता नक्की येतं, आणि मी तीन वर्षांत दोनदा फसून तिसऱ्यांदा नीट बघितलंय, त्यामुळे काय करायचं आणि काय नाही ते सगळं एकदा सविस्तर लिहून टाकते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

पायरी १: आपण नक्की काय शोधतोय ते ठरवा

हे महत्त्वाचं आहे कारण "काचेच्या पंखाचं काहीतरी दिसलं" म्हणून लोक मला जे फोटो पाठवतात त्यातले निम्मे पतंगाचे असतात. तुमच्या बागेत अनंताचं झाड असेल आणि दिवसाढवळ्या एखादा जाडजूड पोपटी-पिवळसर किडा फुलासमोर हवेत एका जागी थांबून भुणभुण करत असेल, पंख आरपार, तर तो सेफोनोडिस हायलास नावाचा हॉक मॉथ आहे. त्याची अळी अनंताची पानं खाते. कोषातून बाहेर आल्यावर त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्याच उड्डाणात ते झडून जातात आणि पंख स्वच्छ होतात. सुंदर प्राणी आहे, पण ग्लासविंग नाही. दुसरा गोंधळ ग्लासी टायगर या आपल्याकडच्या फुलपाखराचा. नावात ग्लास आहे, सह्याद्रीत भरपूर दिसतं, पण पंख दुधट निळसर, आरपार नाहीत. गंमत म्हणजे हे मात्र ग्लासविंगचं खरंखुरं नातेवाईक आहे, दोघंही डॅनाइनी या एकाच उपकुळातली.

आता ग्रेटा ओटोची खूण. पंख पसरल्यावर साधारण साडेपाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या प्लेन टायगरपेक्षा थोडं लहान. काठ गडद तपकिरी आणि त्यात तांबूस-नारिंगी झाक. पुढच्या पंखाच्या टोकाजवळ एक पांढरा पट्टा. ही पांढरी रेघ डोक्यात पक्की बसवा, जंगलात तीच कामाला येते. पाय मोजाल तर चारच दिसतील, पुढचे दोन आखडून छातीशी धरलेले असतात, त्या सगळ्या मोठ्या कुळाचंच तसं आहे.

तिकडे गेल्यावर अजून एक भेटेल, सिथेरियास, तेही पारदर्शक पण मागच्या पंखावर गुलाबी झाक आणि एक डोळ्यासारखा ठिपका, आणि जमिनीलगत पाचोळ्यावरून उडतं. ते सखल, गरम रेनफॉरेस्टमधे. त्याला बघून मी पहिल्यांदा "मिळालं!" म्हणून ओरडले होते. ते फसणं नंबर एक.

आणि नावाबद्दल एवढंच, काही ठिकाणी पाटीवर ग्रेटा ओटो असतं, काही ठिकाणी ग्रेटा मॉर्गेन ओटो, म्हणजे काही तज्ज्ञ त्याला वेगळी जात न मानता मॉर्गेनची उपजात मानतात. दोन्ही पाट्या दिसल्या तर घाबरू नका. स्पॅनिशमधे लोक एस्पेहीतोस म्हणतात, म्हणजे छोटे आरसे.

पायरी २: घरीच डोळे तयार करा, तिकीट नंतर

ही पायरी सगळे गाळतात आणि मला वाटतं अर्धं यश इथेच आहे.

ग्लासविंगची मादी अंडी घालते सेस्ट्रम या गटाच्या झाडांवर. आणि सेस्ट्रम म्हणजे कोण? आपली रातराणी! रातराणी मूळची आपली नाहीच, ती मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडिजकडची, म्हणजे आपल्या अंगणात जे झाड आपण आजीच्या काळापासून आपलं मानतो त्याची भावकी तिकडच्या जंगलात या फुलपाखराच्या अळ्यांना पोसते. हे मला कळलं तेव्हा मी पुण्याच्या घरी गच्चीतल्या रातराणीसमोर बराच वेळ उभी राहिले होते. आणि घाणेरी, टणटणी म्हणतो ती, तीही अमेरिकेतलीच, आणि मोठं झालेलं ग्लासविंग तिच्या फुलांवर मकरंद प्यायला येतं. इथे घाणेरीने जंगलं गिळली म्हणून आपण वैतागतो (आणि वैतागायलाच पाहिजे, ती लावू नका), तिकडे ती घरची आहे.

तर करायचं काय, रातराणीची पानं नीट बघा. लांबट, टोकदार, एकाआड एक, गुळगुळीत कडा. एक पान चुरगळून वास घ्या, फुलाचा वास विसरा, पानाचा वास उग्र आणि फारसा चांगला नाही. मग हात धुवा कारण झाड विषारी आहे, लहान मुलांना करायला सांगू नका. ही पानांची ठेवण डोळ्यात बसली की तिकडे जंगलाच्या कडेला सेस्ट्रमची झुडपं ओळखायला मदत होते.

दुसरा सराव खुळखुळ्यावर किंवा भुरुंडीवर. पावसाळा संपता संपता माळावर खुळखुळ्याच्या झाडाला ब्लू टायगर, कॉमन क्रो, प्लेन टायगर झुंडीने लटकलेले असतात, फुलं नसली तरी, वाळक्या भागावर सुद्धा. ते मध प्यायला आलेले नसतात, त्या झाडातली विशिष्ट अल्कलॉइड्स, म्हणजे कडू रसायनं, शोषायला आलेले असतात, नर त्यापासून मादीला खुणावणारा गंध बनवतात आणि अंगात कडवटपणाही येतो. ग्लासविंगचे नर अगदी हेच करतात. तिकडे संशोधक भुरुंडीच्या जातीची वाळलेली जुडी टांगून ही फुलपाखरं बोलावतात. हा कडवटपणा किती कामाचा आहे बघा: कीथ ब्राउन या संशोधकांनी ब्राझीलमधे कोळ्याच्या जाळ्यात ग्लासविंगच्या गटाची फुलपाखरं सोडून पाहिलं, १९८४ मधे ते छापून आलं. अल्कलॉइड मिळवलेल्या फुलपाखराला कोळी स्वतःच धागे तोडून सोडून देतो, आणि कोषातून नुकतंच निघालेलं, अजून काही न प्यालेलं असेल तर खाऊन टाकतो.

म्हणून एक दोन रविवार खुळखुळ्यासमोर बसा. हळू जवळ कसं जायचं, सावली अंगावर पडू द्यायची नाही, श्वास कुठे सोडायचा, हे सगळं आपल्या गावच्या फुलपाखरांवर फुकटात शिकता येतं.

पायरी ३: बटरफ्लाय हाऊस की जंगल, ठरवा

अमेरिका, कॅनडा, युरोपात राहणाऱ्यांना सोपं आहे. तिथल्या मोठ्या बटरफ्लाय हाऊसमधे कोस्टा रिकाहून फार्मवर वाढवलेले कोष येतात आणि त्यात बऱ्याचदा ग्लासविंग असतं. न्यूयॉर्कचं नॅचरल हिस्टरी म्युझियम, ह्यूस्टनचं म्युझियम, नायगाराजवळचं कॅनडाच्या बाजूचं, इंग्लंडमधे स्ट्रॅटफर्डचं, अशी मोठी दालनं आहेत. पण एक लक्षात ठेवा, कुठली फुलपाखरं उडत असतील ते त्या आठवड्यात कुठले कोष आलेत त्यावर ठरतं, मोठं झालेलं फुलपाखरू फार दिवस जगत नाही. त्यामुळे निघायच्या दिवशी फोन करा आणि "फुलपाखरं आहेत का" असं न विचारता "आज ग्लासविंग उडतायत का" असं विचारा. माझं फसणं नंबर दोन हेच, आईला घेऊन साडेतीन तास ड्राइव्ह करून एका ठिकाणी गेले (नाव घेत नाही, चूक माझीच) आणि तिथे त्या आठवड्यात एकही नव्हतं.

आत गेल्यावर सगळे मोठ्या निळ्या मॉर्फोच्या मागे पळतात. तुम्ही उलट करा. सावलीतल्या कोपऱ्यात जा, कंबरेच्या उंचीची झुडपं बघा, पानांच्या खालच्या बाजूलाही. आणि डास पळवणारं क्रीम लावलं असेल तर आत जाण्याआधी हात स्वच्छ धुवा, ते कीटकांसाठी वाईटच. बाहेर पडताना आरशात कपडे झटकून घ्यायला सांगतात ते मनापासून करा, परदेशी फुलपाखरू बाहेर सुटणं त्यांच्यासाठी गंभीर असतं. त्याच कारणासाठी, ऑनलाइन कोष मागवून भारतात घरी वाढवायचा विचार कोणाच्या मनात असेल तर कृपा करून सोडून द्या, जिवंत कीटक देशात आणायला परवाने लागतात आणि लागायलाच हवेत, घाणेरीचं काय झालं ते आपण बघतोयच.

पायरी ४: जंगलातच बघायचं असेल तर

मी गेले मोंतेवेर्देला, कोस्टा रिका. सान होसेपासून गाडीने साधारण चार तास धरा, शेवटचा घाट वळणावळणाचा आहे, उलटीची गोळी घ्या. सांता एलेना गावात राहायची भरपूर सोय. उंची चौदाशे मीटरच्या आसपास, क्लाउड फॉरेस्ट, म्हणजे पावसाळ्यातलं आंबोली वर्षभर चालू आहे असं समजा, शेवाळ, धुकं, झाडांवर झाडं. तिथली गोष्ट छान आहे, १९५१ मधे अमेरिकेतून काही क्वेकर (युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबं तिथे आली कारण त्यांना सक्तीची लष्करभरती मान्य नव्हती आणि कोस्टा रिकाने सैन्यच मोडीत काढलं होतं, त्यांनी दुधाचा धंदा केला पण पाण्याचे झरे टिकावेत म्हणून वरचं जंगल तोडलं नाही, पुढे १९७२ मधे तिथे रिझर्व्ह झालं. आपण ज्या झाडांखाली ग्लासविंग शोधतो ती त्या निर्णयामुळे उभी आहेत.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचं सगळ्यात आधी बघा. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना वेगळी सवलत असते पण हे नियम बदलतात, त्यामुळे कोणाच्या सांगण्यावर न जाता दूतावासाकडून खात्री करून घ्या.

कधी जायचं: पाऊस साधारण मे ते नोव्हेंबर, कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल. पण ग्लासविंग आणि त्याच्या गटातली बरीच फुलपाखरं ऋतूप्रमाणे डोंगराच्या खाली-वर जातात, पॅसिफिक बाजूचं सखल जंगल वाळायला लागलं की ओल्या, उंच भागाकडे, त्यामुळे एकाच तारखेला सगळीकडे सारखी दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मोंतेवेर्देला वारा फार, उडणारं काही दिसणं अवघड. दोन दिवसांत उरकू नका, किमान चार सकाळी हाताशी ठेवा, त्यातली एक तरी धुक्यात जाणार. पहिल्या दिवशी गावाजवळच्या एखाद्या बटरफ्लाय गार्डनला जा, तिथे डोळ्याला सवय होते आणि तिथल्या लोकांना विचारता येतं की सध्या कुठल्या वाटेवर दिसतायत.

पायरी ५: जंगलात शोधायचं कसं

हा माझ्या मते लेखाचा गाभा, कारण आपण सगळे फुलपाखरू शोधतो तेव्हा रंग शोधतो. इथे रंग नाहीच. सावलीत उडणारं ग्लासविंग म्हणजे हवेत हलणारी एक बारीक पांढरी रेघ आणि एक तपकिरी चौकट, मधलं काहीच दिसत नाही, आणि ते बसलं की चौकट पानाच्या सावलीत मिसळून जाते. पहिला दीड तास माझ्या समोरून किती गेली असतील देव जाणे. मग आमच्या गाइडने, तिथल्याच एका तरुण मुलाने, मला थांबवलं आणि म्हणाला, चालू नका, एका जागी उभ्या राहा आणि कशाकडेच बघू नका. म्हणजे नजर सैल सोडा. खरंच, पाचव्या मिनिटाला ती पांढरी रेघ डोळ्याच्या कोपऱ्यात हलली.

तर क्रम असा. सकाळी साडेआठ-नऊनंतर, थोडं ऊन आलं की, वाटेच्या कडेला जिथे जंगल थोडं उघडं होतं तिथे थांबा, ओढ्याकाठी, जुन्या पडलेल्या झाडाजवळ. आधी झाडं बघा: सेस्ट्रमसारखी पानं, घाणेरी, किंवा ओसाडीसारखी झुपकेदार पांढरट फुलं येणारी सूर्यफुलाच्या कुळातली झुडपं. फुलं दिसली की पंधरा मिनिटं तिथेच. ऊन वाढलं की ही फुलपाखरं सावलीत आत सरकतात, मग तुम्हीही आत जा, पण वाट न सोडता. कधी कधी सावलीच्या एका छोट्या खोलगट जागेत पाच-दहा नर जमलेले असतात, बसतात, थोडं उडतात, परत तिथेच. ते मादीसाठी जमलेले असतात. नीट बघितलं तर बसलेला नर पुढचे पंख जरा पुढे सरकवतो आणि मागच्या पंखाच्या वरच्या काठावर लांब केसांचा झुबका दिसतो, त्यातून तो गंध सोडतो, तोच खुळखुळ्यासारख्या झाडांमधून मिळवलेल्या अल्कलॉइडपासून बनवलेला. असा जमाव सापडला तर लांबच थांबा. मी तिथे पाऊण तास बसले होते, फोटो फारसे काढले नाहीत.

अळी बघायची असेल तर सेस्ट्रमच्या पानांची खालची बाजू, हात न लावता वाकून. अंडी एकेकटी घातलेली. अळी हिरवी, अंगावर जांभळट-लाल रेघा. कोष चंदेरी, क्रोम केल्यासारखा चकचकीत, आजूबाजूची पानं त्यात दिसतात. अंगात आरसा आणि बाहेर आल्यावर काच, एकाच जीवाची दोन रूपं, मला तर हे फुलपाखरापेक्षा जास्त आवडलं.

जाळी नेऊ नका. पकडू नका. संरक्षित जंगलात परवान्याशिवाय पकडणं बेकायदेशीर आहेच, पण पंखाला बोट लावायचं नाही याचं अजून एक कारण पुढे येतंय.

पायरी ६: फोटो

इथे काचेचा पंख म्हणजे काय ते थोडं समजून घ्यावं लागतं, नाहीतर कॅमेरा फसवतो. २०१५ मधे जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या संशोधकांनी दाखवलं की पारदर्शक भागावर नॅनो आकाराचे खांब असतात, उंची साधारण ४०० ते ६०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), एकमेकांपासून १०० ते १४० नॅनोमीटर लांब, आणि खरी करामत अशी की सगळ्यांची उंची सारखी नसते, कशीही कमीजास्त. त्यामुळे प्रकाश कुठूनही आला तरी फारसा परत फिरत नाही. अगदी ८० अंशांपर्यंत तिरका आला तरी जेमतेम दोन ते पाच टक्के परावर्तन. खिडकीची साधी काच समोरून आठ टक्के परत फेकते आणि तिरकं बघितलं की खूपच जास्त. म्हणजे हे फुलपाखरू काचेपेक्षा चांगली काच आहे. २०२१ मधे अजून कळलं की त्या खांबांचा वरचा थर मेणाचा असतो, तो प्रयोगशाळेत धुऊन काढला की पंख जास्त चकाकायला लागला. आणि आरपार भागात खवले अजिबात नसतात असंही नाही, असतात, पण विरळ आणि केसासारखे बारीक, काही टोकाला दुभागलेले. आता कळलं ना बोट का लावायचं नाही.

याचा फोटोसाठी अर्थ: पंखावर चकाकी येतच नाही, त्यामुळे पोलरायझर घरी ठेवला तरी चालेल. पण ऑटोफोकस पंखातून आरपार जातो आणि मागच्या पानावर बसतो! माझे पहिले साठ-सत्तर फोटो उत्तम फोकसमधली पानं आणि पुढे धुरकट फुलपाखरू असे आहेत. उपाय म्हणजे एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर किंवा छातीवर ठेवा, नाहीतर सरळ मॅन्युअल करा आणि स्वतः पुढे-मागे डोलत शिरा टोकदार दिसल्या की क्लिक करा. बसताना ते पंख बहुतेक मिटून घेतं, म्हणून कॅमेरा पंखाला समांतर, बाजूने. पार्श्वभूमी पंखातूनही दिसणार हे विसरू नका, मागे काड्यांचा गोंधळ असेल तर पंखातही गोंधळच दिसतो, दोन पावलं सरकून मागे लांबवरचं सलग हिरवं येईल असं बघा. माझी सेटिंग १०० एमएम मॅक्रो, एफ ८, शटर २५० च्या खाली नाही, आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त, कारण खाली अंधार असतो. फ्लॅश वापरलाच तर डिफ्यूझर लावून, हलका. मोबाइल असेल तर फुलपाखराच्या अंगावर टॅप करून फोकस लॉक करा, झूम कमी, कोपर अंगाला टेकवून.

बटरफ्लाय हाऊसमधे थंडीतून एकदम गरम दमट हवेत गेलात की लेन्सवर बाष्प धरतं, पुसत बसू नका, परत धरतं. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीस-तीस मिनिटं आत फिरा, मग काढा.

पायरी ७: घरी आल्यावर

फोटो नुसते स्टेटसला लावून सोडू नका, आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जागा, तारीख, उंची, कुठल्या फुलावर होतं ते लिहून. बटरफ्लाय हाऊसमधला असेल तर "पाळीव" अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर नकाशावर न्यूयॉर्कमधे जंगली ग्लासविंग दिसायला लागेल. ग्लासविंगच्या गटात साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि बऱ्याच पारदर्शक, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या. फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकांनी १८७९ मधे कडवट फुलपाखरं एकमेकांसारखी का दिसतात हे मांडलं ते ब्राझीलच्या अशाच दोन पारदर्शक जातींवरून, इटुना आणि थिरिडिया. त्यामुळे ओळख पटवणारी मंडळी रंगापेक्षा मागच्या पंखावरच्या शिरा कशा फाटे फोडतात ते बघतात. म्हणजे तुमच्या कलात्मक, समोरून काढलेल्या, डोळ्यात डोळे घालणाऱ्या फोटोचा त्यांना उपयोग नाही. एक तरी फोटो साधा, सपाट, बाजूने, दोन्ही पंखांच्या सगळ्या शिरा दिसतील असा काढाच, आणि तो आधी काढा, कारण दुसऱ्या फोटोपर्यंत ते थांबेल याची खात्री नसते.

मामेबहिणीला मी माझा तसाच एक सपाट फोटो पाठवला. तिने दोन मिनिटांनी उत्तर दिलं, मागे जे पान दिसतंय ते आपल्या रातराणीसारखं वाटतंय गं.